तीन अक्षरांची सही : फेसबुकच्या ३३ वर्षे आधी विद्यापीठीय ग्रंथपालांनी विणलेले जाळे

२६ ऑगस्ट १९७१. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अथेन्स हे लहानसे विद्यापीठनगर. तेथील ओहायो विद्यापीठाच्या ऑल्डन ग्रंथालयात त्या दिवशी एकाच टर्मिनलवर बसून १३३ ग्रंथांच्या तालिकानोंदी पूर्ण करण्यात आल्या. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कळफलक, त्यापलीकडे काही नाही. ते दूरध्वनीच्या भाड्याने घेतलेल्या तारेने सुमारे १२० किलोमीटरवरील कोलंबस शहरातील एका संगणकाशी जोडलेले होते. ना कोणते उद्घाटन झाले, ना वृत्तपत्रांचे मथळे सजले. तथापि ‘ऑनलाइन’ तालिकीकरण करणारे जगातील पहिले ग्रंथालय म्हणून ऑल्डनचे नाव ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात कोरले गेले.

समाजमाध्यमांचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक हार्वर्डच्या वसतिगृहातील फेब्रुवारी २००४ पासून आरंभ करतात. दूरदूरच्या माणसांनी एकाच सामायिक पडद्यावर लिहावे, एकमेकांचे लिहिलेले वापरावे, दुरुस्त करावे, त्यावरून भांडावे आणि शेवटी ‘हे सारे आहे कोणाचे?’ असा प्रश्न विचारावा, हा सगळा क्रम विद्यापीठांतील ग्रंथपालांनी त्याआधीच अनुभवला होता. त्यात त्यांच्या नोकऱ्या पणाला लागल्या होत्या आणि त्यांची प्रतिष्ठाही. त्या जाळ्याचा हा इतिहास.

प्रथम जुन्या पद्धतीचे दुखणे समजून घेतले पाहिजे. विद्यापीठात नवे पुस्तक आले की ते तालिकाकाराच्या मेजावर जाई. ग्रंथकाराचे नाव कोणत्या रूपात द्यावे, विषयशीर्षके कोणती, वर्गांक कोणता, पृष्ठे किती, आवृत्ती कितवी, हे सर्व नियमांनुसार ठरवून एक मूळ कार्ड तयार होई. मग त्याच मजकुराची आणखी कार्डे : एक ग्रंथकाराच्या नावाखाली, एक ग्रंथनामाखाली, प्रत्येक विषयासाठी आणखी एकेक. ती टंकलिखित करायची, तपासायची आणि शेकडो खणांच्या लाकडी कपाटांत अकारविल्हे लावायची. कार्ड चुकीच्या खणात गेले की ते पुस्तक हरवल्यात जमा. शेल्फवर ते असले तरी कोणाला सापडणार नाही.

हेच पुस्तक शंभर विद्यापीठांनी विकत घेतले तर शंभर तालिकाकार शंभर ठिकाणी हेच काम करीत. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून आपली छापील कार्डे इतर ग्रंथालयांना विकण्यास आरंभ केला होता, त्यामुळे ओझे काहीसे हलके झाले. पण कार्डांची मागणी नोंदवावी, ती टपालाने यावीत, तोवर पुस्तक मागील खोलीत पडून राहावे, अशी स्थिती. आणि त्या ग्रंथालयाकडे जे पुस्तकच नव्हते, त्याचे काय? अशा वेळी तालिकाकार उठून राष्ट्रीय संयुक्त तालिकेच्या खंडांकडे जाई. १९५६ पूर्वीच्या मुद्रितांची ही तालिका १९६८ ते १९८१ या काळात प्रसिद्ध झाली. तिचे खंड ७५४. ग्रंथालयांनी एकमेकांना ‘आमच्याकडे काय आहे’ हे सांगण्यासाठी कागदावर उभारलेली ती अखेरची महाकाय वास्तू होय. तिचे छपाईकाम चालू असतानाच तिला पर्याय जन्मास आला होता, हा इतिहासाचा एक मिश्कील योगायोग.

तो पर्याय उभा करणारा मनुष्य म्हणजे फ्रेडरिक किलगोर. जन्म १९१४. हार्वर्डच्या ग्रंथालयात उमेदवारी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागात त्याने शत्रुराष्ट्रांची नियतकालिके व पुस्तके तटस्थ देशांतील शहरांतून मिळवून त्यांचे सूक्ष्मचित्रण करण्याच्या मोहिमेचे नेतृत्व केले. एका देशातील छापील माहिती दुसऱ्या देशात वेगाने पोहोचवणे हे त्या काळी युद्धकार्य होते. युद्धानंतर तो येल विद्यापीठात वैद्यकीय ग्रंथालयाचा प्रमुख झाला. ओहायोतील महाविद्यालयांनी ग्रंथालयांचे सहकार्य कसे करावे, याचा सल्ला देण्यासाठी त्याला आणि मिसूरी विद्यापीठाच्या राल्फ पार्कर यांना पाचारण करण्यात आले. १९६७ मध्ये ओहायोतील ५४ महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या अध्यक्षांनी मिळून ‘ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर’ ही ना-नफा संस्था स्थापन केली आणि किलगोरच्या हाती सोपवली. तिचे आद्याक्षरी नाव ओसीएलसी.

किलगोरने संस्थेपुढे ठेवलेले आर्थिक उद्दिष्ट शब्दयोजनेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ग्रंथालयांचा खर्च कमी करू, असे तो म्हणाला नाही. प्रत्येक विद्यार्थ्यामागे होणारा ग्रंथालयीन खर्च ज्या गतीने वाढतो आहे ती गती मंदावणे, एवढेच त्याचे वचन होते. हिशेबी माणसाचे वचन.

या योजनेला पाया दिला तो हेन्रिएट ॲव्रम या महिलेने. त्या ग्रंथपाल नव्हत्या, आज्ञावलीकार होत्या. ग्रंथालयशास्त्राची पदवी नसलेल्या या बाईंनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तालिकेच्या कार्डाचे विच्छेदन करून त्यातील प्रत्येक घटकाला क्रमांक दिला : ग्रंथकाराला १००, ग्रंथनामाला २४५, आणि असेच पुढे. ‘मार्क’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या नोंदरचनेच्या फिती १९६९ पासून ग्रंथालयांना मिळू लागल्या. आजही जगातील बहुतेक विद्यापीठीय ग्रंथालयांच्या संगणकात हेच क्रमांक नांदत आहेत. किलगोर आणि ॲव्रम दोघेही २००६ मध्ये निवर्तले.

आता ऑल्डन ग्रंथालयाकडे परत जाऊ. तालिकाकार नवे पुस्तक हाती घेई आणि शोधकळ टंकित करी. संगणकाची स्मृती त्या काळी महाग. संपूर्ण ग्रंथनाम शोधणे परवडणारे नव्हते. म्हणून किलगोर व त्याच्या सहकाऱ्यांनी संक्षिप्त कळांची युक्ती काढली. काही वर्षांत रूढ झालेली ग्रंथनामाची कळ अशी : पहिल्या शब्दाची तीन अक्षरे, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची दोन, चौथ्याचे एक. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’साठी आरंभीचे उपपद वगळायचे आणि ओ-एल-डी, एम-ए, ए-एन, टी एवढेच द्यायचे. कोलंबसचा संगणक जुळणाऱ्या नोंदी पडद्यावर आणी. कोणा अन्य ग्रंथालयाने हे पुस्तक आधी नोंदवले असेल तर तालिकाकाराने ती नोंद पडताळायची, आपल्या ग्रंथालयापुरते बदल करायचे आणि एक कळ दाबायची. काही दिवसांत छापील कार्डे, खणात लावण्याच्या क्रमाने रचलेली, टपालाने दारी हजर. अनेक वर्षे या ‘ऑनलाइन’ क्रांतीचे दृश्य फळ कागदी कार्डच होते, हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण लाकडी कपाटे फेकून देण्याचे धाडस कोणत्या विद्यापीठाला होते?

पहिल्या वर्षाचा ताळेबंद किलगोरच्या चाहत्यांनी पुढे वारंवार उद्धृत केला. ऑल्डन ग्रंथालयात तालिकीकृत पुस्तकांची संख्या एक तृतीयांशाने वाढली आणि कर्मचाऱ्यांची १७ पदे कमी झाली. या वाक्यातील पूर्वार्धावर टाळ्या पडतात. उत्तरार्धाकडे मात्र इतिहासकाराने थांबून पाहिले पाहिजे.

तालिकीकरण हे विद्यापीठीय ग्रंथालयातील बौद्धिक प्रतिष्ठेचे काम होते. त्यासाठी भाषा याव्या लागत, विषयांची जाण लागे, आणि नियमावलीचे खंड जवळजवळ मुखोद्गत असावे लागत. या विभागांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. अमेरिकेच्या विद्यापीठांत अध्यापकपद मिळणे स्त्रीला दुर्घट होते त्या काळात अनेक बहुभाषी, उच्चशिक्षित स्त्रियांनी ग्रंथालयाच्या मागील खोलीत आपली विद्वत्ता वापरली होती. आता दुसऱ्या कोणीतरी केलेली नोंद पडताळून स्वीकारण्याचे काम पदवी नसलेला सहायकही करू शकत होता, आणि त्याचा पगार कमी होता. पाहता पाहता कामाची विभागणी झाली. जाळ्यात नोंद सापडली तर सहायकाकडे, न सापडली तरच व्यावसायिक तालिकाकाराकडे. जितके जाळे विस्तारले, तितकी न सापडणारी पुस्तके कमी झाली. तज्ज्ञांनी स्वतः कष्टाने लिहिलेल्या नोंदींनीच तज्ज्ञांची गरज घटवली. यंत्रमागाने हातमाग बंद पाडले, या परिचित कथेपेक्षा ही वेगळी आहे. येथे विणकरांनी विणलेले कापडच पुढच्या विणकराच्या पोटावर आले.

तरीही त्यांनी नोंदी लिहिल्या, आणि अभिमानाने लिहिल्या. कारण आता त्यांच्या कामाला वाचक लाभले होते. पूर्वी तालिकाकाराचे कार्ड त्याच्या विद्यापीठाच्या भिंतींबाहेर जात नसे. आता तेच कार्ड शेकडो सहव्यवसायी पाहत. १९७३ पासून ओहायोबाहेरील ग्रंथालयांसाठी दारे उघडली. न्यू इंग्लंड, पेनसिल्व्हेनिया, दक्षिणेकडील राज्ये, अशी प्रादेशिक जाळी एकेक करून जोडली गेली. १९८१ मध्ये संस्थेने आपल्या नावातील ‘ओहायो’ काढून तेथे ‘ऑनलाइन’ घातले, आद्याक्षरे मात्र तीच राखली.

या जाळ्यात व्यक्तीला नाव नव्हते. तिच्या संस्थेला काही अक्षरांचे चिन्ह होते, बहुधा तीन. लायब्ररी ऑफ काँग्रेस म्हणजे डीएलसी. प्रत्येक नोंदीच्या ०४० क्रमांकाच्या रकान्यात ही चिन्हे साठत : मूळ नोंद कोणी रचली, संगणकात कोणी उतरवली, पुढे कोणी कोणी बदलली. जाणत्या तालिकाकाराची नजर नोंद उघडताच प्रथम याच रकान्याकडे जाई. अमुक चिन्ह दिसले की डोळे मिटून स्वीकार. तमुक दिसले की प्रत्येक स्वल्पविराम तपासा. अनेक ग्रंथालयांनी विश्वासार्ह व अविश्वासार्ह चिन्हांच्या याद्याच करून ठेवल्या होत्या. ज्यांचा चेहरा कधी पाहिला नाही, अशा माणसांविषयी आदर, असूया आणि तिरस्कार तीन अक्षरांवरून बाळगला जाई. आजच्या समाजमाध्यमाच्या वापरकर्त्यास या भावना अपरिचित नसाव्यात.

दुरुस्तीची व्यवस्था त्याहून तापदायक होती. जाळ्यात ज्याने प्रथम नोंद घातली तिचाच मजकूर सर्वांसाठी मूळ ठरे. इतरांना आपल्या कार्डापुरते हवे ते बदलता येई, पण सामायिक नोंदीत हात घालता येत नसे. चूक दिसली तर छापील अर्ज भरायचा, कित्येकदा पुस्तकाच्या मुखपृष्ठाची छायाप्रत पुरावा म्हणून जोडायची आणि टपालाने मुख्यालयास पाठवायची. तोवर ती चूक शेकडो ग्रंथालयांच्या कार्डांवर छापली जात असे. घाईने घातलेली निकृष्ट नोंद काळजीपूर्वक रचलेल्या नोंदीला कायमची मागे टाके, कारण ती आधी आली होती. १९८० च्या दशकात निवडक, कसोटीस उतरलेल्या ग्रंथालयांना सामायिक नोंदी सुधारण्याचा अधिकार देण्यात आला. तो मिळणे हा सन्मान मानला जाई, आणि तो सन्मान मिळाला म्हणजे विनावेतन काम वाढले, हेही सर्वांना ठाऊक होते.

या जाळ्यात मराठी पुस्तकेही होती. ती तेथे पोहोचली कशी, हे पाहिले की या कथेचा भारतीय पदर उलगडतो. अमेरिकेने पी. एल. ४८० या कायद्यान्वये भारताला धान्य विकले आणि मोबदला रुपयांत स्वीकारला. ते रुपये भारतातच खर्च करावे लागत. त्यांतील काही भागातून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून अमेरिकन विद्यापीठांना पाठवावीत, अशी तरतूद पुढे झाली आणि १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय उघडले. पुण्या-मुंबईत छापलेल्या कादंबऱ्या, चरित्रे, संतवाङ्मयाच्या आवृत्त्या असे नाना ग्रंथ शिकागो, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया येथील विद्यापीठांत पोहोचू लागले. लाल गव्हाच्या मोबदल्यात मराठी पुस्तके, असा तो विलक्षण व्यवहार. शिकागो विद्यापीठातील दक्षिण आशियाई संग्रहाच्या मॉरीन पॅटरसन या स्वतः महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या, विशेषतः चित्पावनांच्या, अभ्यासक होत्या. ग्रंथपालाच्या मेजामागे संशोधक बसलेला असतो, याचे हे चांगले उदाहरण.

पण कोलंबसच्या संगणकाला देवनागरी येत नव्हती. ‘श्यामची आई’ हे नाव रोमन लिपीत न्यावे लागे : ‘श’साठी एस या अक्षरावर तिरकी रेघ, दीर्घ ‘आ’साठी ए वर आडवी रेघ, ‘ई’साठी आय वर आडवी रेघ; ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्या खाली टिंबे. नियम काटेकोर होते आणि तालिकाकार ते निष्ठेने पाळीत. शोधताना मात्र रेघा-टिंबे गळून पडत. एस-वाय-ए, ए-आय एवढी कळ उरे, आणि तिच्या पोटात भलतीच पुस्तकेही निघत. पूर्व आशियाई विद्वानांनी या अन्यायाविरुद्ध आधी आवाज उठवला. प्रतिस्पर्धी जाळ्याने, म्हणजे मोठ्या संशोधन ग्रंथालयांच्या संघाने, १९८३ मध्ये चिनी, जपानी व कोरियन लिप्यांची सोय केली, आणि ओसीएलसीला काही वर्षांत तिचे अनुकरण करावे लागले. देवनागरीच्या वाट्याला यानंतर आणखी दीर्घ प्रतीक्षा आली. मराठी ग्रंथ दशकानुदशके परक्या लिपीचा वेष घालूनच त्या यादीत वावरले.

भारतातील विद्यापीठांनीही पुढे असे जाळे विणायचे ठरवले. इन्फ्लिबनेट या प्रकल्पाचा आरंभ १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेच्या छत्राखाली झाला. ताऱ्यांचा वेध घेणाऱ्यांच्या घरी पुस्तकांच्या यादीने जन्म घ्यावा, हेही नवलच. १९९६ मध्ये ते स्वतंत्र केंद्र झाले. त्याची कथा मोठी आहे. तिला वेगळी लेखमाला हवी.

१९७९ मध्ये या जाळ्यात आंतरग्रंथालयीन देवघेवीची सोय आली आणि ग्रंथपालांचे परस्परसंबंध आणखी घट्ट झाले. एखाद्या प्राध्यापकाला हवे असलेले पुस्तक आपल्याकडे नसेल तर ग्रंथपाल पाच ग्रंथालयांची चिन्हे ओळीने देई. पहिल्याने चार दिवसांत उत्तर दिले नाही तर विनंती आपोआप दुसऱ्याकडे सरके, मग तिसऱ्याकडे. कोणते ग्रंथालय उदार, कोणते कंजूष, कोण वेळेवर पाठवते, कोण चार दिवस निव्वळ झोपून राहते, याची पक्की मोजदाद देवघेव विभागातील मंडळी मनात ठेवीत. चिन्हांचा क्रम लावणे ही एक कला होती.

यानंतर बोलण्याची साधने आली. १९८१ मध्ये सुरू झालेल्या बिटनेट या विद्यापीठीय संगणकजाळ्यावर जून १९८९ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठातील ग्रंथपाल चार्ल्स बेली यांनी ग्रंथालयीन संगणकप्रणालींविषयी सामूहिक पत्रव्यवहार सुरू केला. लहान गावातील महाविद्यालयाचा एकटा ग्रंथपाल आता हार्वर्डच्या ग्रंथपालाला जाहीर प्रश्न विचारू शकत होता. १९९० मध्ये याच मंडळींनी विनामूल्य इलेक्ट्रॉनिक नियतकालिकही काढले. ग्रंथपालांनी आजवर इतरांचे लेखन जपले होते, येथे ते स्वतः प्रकाशक झाले.

मग २००४ आले, आणि फेसबुक. आरंभी तेथे प्रवेशासाठी विद्यापीठाचा ई-पत्ता लागे. ग्रंथपालांकडे तो होताच, त्यामुळे सर्वसामान्य जगाला सप्टेंबर २००६ मध्ये प्रवेश मिळाला त्याआधीच काही ग्रंथपाल विद्यार्थ्यांच्या या ओसरीवर जाऊन बसले होते. काहींनी ग्रंथालयाच्या नावाने खाते उघडले. फेसबुकने ते पुसून टाकले, कारण खाते व्यक्तीचेच असावे असा नियम होता. संस्थांसाठी पृष्ठांची सोय नोव्हेंबर २००७ मध्ये झाली. अलाबामातील जॅक्सनव्हिल स्टेट विद्यापीठाच्या दोन ग्रंथपालांनी १२६ विद्यापीठीय ग्रंथपालांची मते अजमावून २००७ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. बहुतेकांना फेसबुकची पुरेपूर जाणीव होती. काही जण उत्साही होते. पण बहुसंख्यांच्या मते ते ग्रंथपालाच्या व्यावसायिक कक्षेबाहेरचे होते. हे उत्तर जुनाट म्हणून हसण्यावारी नेले गेले. वास्तविक त्यामागे एक जुने व्यावसायिक तत्त्व उभे होते : कोण काय वाचतो हे ग्रंथपालाने कोणास सांगू नये. वाचकाची प्रत्येक आवड टिपून ठेवणाऱ्या यंत्रात ग्रंथपालाने आनंदाने उडी घ्यावी, ही अपेक्षाच विचित्र होती.

खरा स्फोट मात्र वेगळ्याच ठिकाणी झाला.

ओसीएलसीची आर्थिक रचना अशी होती की सदस्याने इतरांची नोंद वापरली तर शुल्क द्यायचे. नोंदी सदस्यांच्या, यंत्र व तारा संस्थेच्या, शुल्क संस्थेस. सहकाराच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. खर्च कोणीतरी भागवला पाहिजे. तथापि १९८० च्या दशकाच्या आरंभी संस्थेने संपूर्ण संग्रहावर प्रताधिकार सांगितला तेव्हा सदस्य चमकले. १९८७ मध्ये नोंदींच्या वापराविषयी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि वाद मावळला. पुढची वीस वर्षे त्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही.

२ नोव्हेंबर २००८ रोजी संस्थेने नवे धोरण जाहीर केले. त्याचा आशय असा की, या संग्रहातून आलेली नोंद सदस्याला दुसऱ्यास देता येईल, मात्र मूळ संग्रहाचे कार्य वा आकार यांची मोठ्या प्रमाणावर प्रतिकृती होईल असा वापर चालणार नाही. पूर्वीची तत्त्वे मार्गदर्शक होती; हे धोरण बंधनकारक करार म्हणून आले. आरंभीच्या मसुद्यात तर प्रत्येक नोंदीत या धोरणाचा दुवा देणारा रकाना ठेवण्याची अट होती. ज्या ०४० रकान्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या तालिकाकारांची चिन्हे होती, त्याच नोंदीच्या तळाशी आता मालकाची पाटी लागणार होती.

काही तासांत ग्रंथपालांच्या अनुदिनी धडधडू लागल्या. जुन्या व नव्या मसुद्यांची ओळीगणिक तुलना झाली, सामायिक पृष्ठांवर सर्व प्रतिक्रियांचे संकलन झाले, सह्यांची निवेदने फिरली. इंटरनेट अर्काइव्हच्या ‘ओपन लायब्ररी’ प्रकल्पाच्या उभारणीत असलेला २२ वर्षांचा ॲरन स्वार्ट्झ याने तर ही ग्रंथालयांच्याच मालाची लूट असल्याचा जाहीर आरोप केला. ‘लायब्ररीथिंग’चे संस्थापक टिम स्पॉल्डिंग यांनीही धोरणावर टीका केली. या दोघांचे प्रकल्प अशा नोंदींवरच वाढू पाहत होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांचा संताप निःस्वार्थ होता असे मानण्याचे कारण नाही. पण ज्यांचा काही लाभ नव्हता असे असंख्य विद्यापीठीय तालिकाकारही त्याच बाजूला उभे राहिले.

संस्थेची बाजू सर्वस्वी पोकळ नव्हती. शुल्क देणाऱ्या सदस्यांनी उभारलेला संग्रह कोणीही उचलून फुकट वाटू लागला तर शुल्क कोण देईल? आणि शुल्क थांबले तर संगणक कोण चालवील? सहकारी साखर कारखान्यांच्या वा दूधसंघांच्या राज्यातील वाचकास हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही. सदस्य म्हणून आपण मालक असतो, ग्राहक म्हणून आपल्याला देयक येते, आणि वार्षिक सभेत कोणती टोपी घालून बसावे ते कळत नाही.

जानेवारी २००९ मध्ये धोरणाची अंमलबजावणी लांबणीवर टाकण्यात आली आणि नोट्रडेम विद्यापीठाच्या ग्रंथालयप्रमुख जेनिफर यंगर यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन मंडळ नेमले गेले. मंडळाने धोरण मागे घ्यावे असे सुचवले, आणि ते मागे घेतले गेले. त्याजागी हक्क व जबाबदाऱ्या यांची मांडणी करणारी नवी संहिता १ ऑगस्ट २०१० पासून लागू झाली. तिची भाषा कराराऐवजी परस्परविश्वासाची होती. सदस्यांनी आपल्या संस्थेस माघार घेण्यास भाग पाडले होते, आणि त्यासाठी वापरलेली साधने होती अनुदिनी, सामायिक पृष्ठे आणि ऑनलाइन निवेदने. ज्या साधनांविषयी काही वर्षांपूर्वी ‘हे ग्रंथपालाचे काम आहे का’ असे विचारले जात होते, तीच.

एप्रिल २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या १ कोटी २० लाखांहून अधिक तालिकानोंदी सर्वांसाठी विनाअट खुल्या केल्या. त्यांत अनेक नोंदी मुळात इतर विद्यापीठांच्या तालिकाकारांनी रचलेल्या होत्या. ओसीएलसीने श्रेय देण्याच्या रूढ संकेतांचे पालन व्हावे एवढेच म्हटले.

कार्डे मात्र सावकाश संपली. ओसीएलसीने एकूण सुमारे १९० कोटी कार्डे छापली. मागणी घटत घटत अखेर नाममात्र उरली. १ ऑक्टोबर २०१५ रोजी ओहायोतील छपाईयंत्रावरून कार्डांचा शेवटचा गठ्ठा निघाला आणि न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथील काँकॉर्डिया महाविद्यालयाकडे रवाना झाला. संगणक बंद पडला तर उपयोगी पडेल म्हणून त्या ग्रंथालयाने आपले लाकडी कपाट तोवर राखून ठेवले होते.